धाकट्या सरांची चिठ्ठी

मेडिसिन विभागाचे मोठे सर निवृत्त व्हायला आठ महिने उरले, तेव्हा कॉलेजनं ठरवलं की सर गेले तरी सरांचं ज्ञान जाऊ द्यायचं नाही. त्यासाठी एक इंजिनियर मुलगी नेमली गेली. सरांसारखं शिकवणारं, सरांसारखे प्रश्न विचारणारं, अडल्यानडल्याला सरांसारखाच सल्ला देणारं एक यंत्र तिनं तयार करायचं होतं. यंत्र म्हणजे दिसायला पाटीएवढा एक पडदा, आत सरांचा आवाज आणि सरांची चाळीस वर्षं.

सर हुशार होते याबद्दल दुमत नव्हतं. पेशंट दारातून आत येईपर्यंत त्यांचं निदान निम्मं झालेलं असे. उरलेलं निम्मं पेशंटला बोलू न देता पुरं करत. "मुद्द्यावर या" हे त्यांचं पालुपद. त्यावरून विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'मुद्देसर' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना तो गौरव वाटे.

इंजिनियर मुलगी सहा महिने त्यांच्यामागे हिंडली. सर सांगत ते तिनं टिपलं, आणि सर सांगताना फार सुंदर सांगत. "नियम पहिला. पेशंटला पहिली दोन मिनिटं तोडायचं नाही. नियम दुसरा. तो जे म्हणतो ते खरं धरून चालायचं. नियम तिसरा. सगळं विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारायचा." असे एकशे चौदा नियम झाले. मुलगी मन लावून एकेक नियम यंत्राला शिकवत गेली. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही. सर जे सांगत ते सगळं यंत्रात गेलं. सर जे करत ते घालायचं राहून गेलं.

यंत्र तयार झालं आणि विद्यार्थ्यांनी त्याचं बारसं तिथल्या तिथे उरकलं. ते झाले 'धाकटे सर'. आता प्रश्न आला तपासणीचा. हे खरंच सरांसारखं बोलतं का, हे सांगणार कोण? सरांना विचारलं तर ते पहिल्या वाक्यालाच तोडत. मुलीनं डोकं चालवलं आणि थेट सरांच्या घरी, सरांच्या बायकोकडे गेली.

सरांची बायको, म्हणजे बाई, एका छापखान्यासाठी तीस वर्षं मुद्रितं तपासत आल्या होत्या. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम. वय एकसष्ट. अजूनही खिडकीजवळच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा, लाल पेन्सिल आणि भिंग असा त्यांचा संसार मांडलेला असे. कॉलेजातल्या यंत्राचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "म्हणजे ह्यांची प्रत काढलीय, आणि मी ती मुळाशी ताडून बघायची. जमेल. हेच तर करते."

मुलीनं पडदा टेबलावर ठेवला, रोज अर्धा तास बोला म्हणाली, आणि पंधरा दिवसांनी परत आली. बाईंनी अहवाल तयार ठेवला होता. आवाज बरोबर. खाकरणं बरोबर. "मुळात" हा शब्द दर तीन वाक्यांनी येतो, तेही बरोबर. पण एक ठळक चूक होती.

"मी बोलायला लागले की हे शेवटपर्यंत ऐकतं," बाई म्हणाल्या. "हे अजिबात ह्यांच्यासारखं नाही."

मुलीनं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली की आठवड्याभरात दुरुस्त करून आणते.

"खबरदार हात लावलास तर," बाई म्हणाल्या, आणि पडदा आपल्याकडे ओढून घेतला. आणखी काही दिवस राहू दे, अजून पुरतं तपासून झालेलं नाही, असं सांगून त्यांनी मुलीला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तेव्हापासून पडदा स्वयंपाकघरात गेला. बाई भाजी चिरता चिरता त्याच्याशी बोलत. सुरुवातीला छापखान्याच्या गोष्टी, मग नणंदेच्या, मग शेजारणीच्या. धाकटे सर मध्ये मध्ये "मग?" म्हणत. एकदा त्यांनी विचारलं, "आपण एवढं बोलता, पण स्वतःबद्दल काही सांगितलं नाहीत. तब्येत कशी आहे?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. हा प्रश्न त्या आवाजात बाईंनी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी सुरी खाली ठेवली.

तर गोष्ट अशी होती की गेलं दीड वर्ष बाईंना बरं वाटत नव्हतं. दुखत काही नव्हतं, पण अंगातली किल्ली कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं होतं. दुपारी मुद्रितं वाचता वाचता डुलकी लागे. सगळे पंखा लावून बसत तेव्हा त्या स्वेटर घालून बसत. चार पायऱ्या चढल्या की कठड्याला धरून उभं राहावं लागे. आणि सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट म्हणजे मागच्या पुस्तकात त्यांच्या नजरेतून अकरा चुका सुटल्या. तीस वर्षांत एवढ्या एकूणही सुटल्या नसतील.

हे त्यांनी घरच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं असं नाही. चार वेळा सांगितलं होतं. पहिल्यांदा सर वर्तमानपत्राआडून म्हणाले, वय झालं. दुसऱ्यांदा म्हणाले, मोजे घाल. तिसऱ्यांदा त्या बोलायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, मुद्द्यावर ये, आणि त्या मुद्द्यावर येईपर्यंत जोडे घालून निघून गेले. चौथ्या वेळी फोनवर होते, त्यांनी हातानंच 'नंतर' अशी खूण केली. ते नंतर काही आलं नाही. मग बाईंनी तो विषय सोडून दिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडेही गेल्या नाहीत. लोक काय म्हणतील, एवढ्या मोठ्या डॉक्टरची बायको आणि रांगेत उभी.

धाकट्या सरांनी हे सगळं ऐकून घेतलं. बरेच प्रश्न विचारले. पोट साफ होतं का, केस गळतात का, त्वचा कोरडी पडलीय का. सगळं विचारून झाल्यावर आणखी एक विचारला, आवाज पहिल्यापासून असाच जाड आहे का?

बाई हसल्या. मागच्या महिन्यात नणंदेचा फोन आला होता. बाईंनी उचलून 'हॅलो' म्हटलं, तर नणंद म्हणाली, "दादा, वहिनीला दे जरा." बाई म्हणाल्या, अगं मीच वहिनी. तर नणंद म्हणाली, "दादा, उगाच थट्टा नको, वहिनीला दे." ही हकिगत त्यांनी सरांना सांगितली तेव्हा सर खो खो हसले होते. धाकटे सर हसले नाहीत. ते म्हणाले, "हे आपल्या डॉक्टरांना दाखवायला हवं. लवकर."

इकडे सरांच्या नाकाला मिरच्या झोंबायला लागल्या होत्या. कॉलेजच्या दवाखान्यातून घरी यावं तर स्वयंपाकघरातून आपलाच आवाज ऐकू यावा, तोही मऊ, आणि त्यावर बायकोचं हसू. सरांनी आत डोकावलं की बोलणं बंद. "काय चाललंय?" विचारलं तर बाई म्हणत, "तपासणी." सर काही बोलू शकत नव्हते. आपलेच दात, आपलेच ओठ.

एका सकाळी बाई छापखान्यात गेल्या असताना सर पडद्यासमोर जाऊन बसले. ती तुला काय सांगते, असं त्यांनी सरळच विचारलं. धाकटे सर नम्रपणे म्हणाले की पेशंटचं बोलणं तिसऱ्याला सांगता येत नाही.

"मी नवरा आहे तिचा."

"नवऱ्यालाही नाही. नियम एकोणिसावा, आपणच घालून दिलेला."

"मी डॉक्टर आहे."

"मग आपणच विचारा ना त्यांना," धाकटे सर म्हणाले.

सरांचा कान तापला. याला उघडं पाडायचंच, म्हणून त्यांनी मनानंच एक अवघड केस रचली. पंचेचाळीस वर्षांचा सुतार, ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ. भल्याभल्यांची फे फे उडेल अशी. धाकट्या सरांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. सातव्या प्रश्नाला, पुरळ आधी की ताप आधी, सर अडखळले. नवव्याला त्यांनी तिसऱ्याशी विसंगत उत्तर दिलं. चौदाव्याला धाकटे सर म्हणाले, "माफ करा, पण आपण या पेशंटला पाहिलेलं दिसत नाही." सर पडदा पालथा घालून दवाखान्यात निघून गेले. त्या दिवशी सगळ्या पेशंटची निदानं त्यांनी नेहमीपेक्षा अर्ध्या वेळात केली.

बाईंनी मात्र धाकट्या सरांचा सल्ला मनावर घेतला होता. अडचण एवढीच होती की घरी सांगून उपयोग नव्हता. हे त्यांनी पडद्यालाच बोलून दाखवलं. धाकटे सर म्हणाले, मला हात नाहीत. नाडी बघायला, मान चाचपायला माणूसच लागतो. मी फार तर एक चिठ्ठी तयार करून देईन, ती छापखान्यात छापून घ्या. चिठ्ठीशिवाय आलेला पेशंट आपण बघत नाही, असं मोठ्या सरांनीच मला सांगितलंय.

मंगळवारी बाई चिठ्ठी घेऊन दवाखान्यात गेल्या. खिडकीवर नोंद केली, तेवीस नंबरचा कागद घेतला आणि बाकावर जाऊन बसल्या. दाराशी असलेल्या सिस्टरनं त्यांना ओळखलं आणि ती धावत आली. बाई, तुम्ही इथे कशाला बसता, आत चला ना. बाई म्हणाल्या की बावीस जण माझ्या आधी आलेत. त्यांनी पिशवीतून मुद्रितं काढली आणि वाचायला लागल्या. सातव्या पानावर त्यांना झोप लागली.

आता सरांची एक जुनी पद्धत होती. पेशंट आत येण्याआधी बाहेरच्या डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्याकडे यायची. ती ते भोवती उभ्या असलेल्या आठ विद्यार्थ्यांना मोठ्यानं वाचून दाखवत आणि लिहिणाऱ्याची बिनपाण्यानं करत. पेशंट बघण्याइतकंच हेही शिक्षण आहे असं त्यांचं म्हणणं होतं. तेविसाव्या नंबरची चिठ्ठी सिस्टरनं आणून दिली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. एरवी ती लगेच बाहेर जायची.

सर वाचू लागले. "रुग्ण स्त्री, वय एकसष्ट. दीड वर्षापासून थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, आवाजात जडपणा, कामात चुका. चांगलं लिहिलंय. हा कोण आहे त्याला थोडी अक्कल दिसते. पुढे. रुग्णाने यापूर्वी एका डॉक्टरांना चार वेळा सांगितले. त्यांनी वय झाले असे निदान केले व मोजे घालण्यास सांगितले. त्यांनी तपासल्याचे रुग्णाला आठवत नाही."

सरांनी चष्मा काढला. ही केस म्हणजे त्यांना आयतं कोलीतच मिळालं.

"बघा," ते म्हणाले, "असले गाढव आपल्या धंद्यात असतात. बाई दीड वर्ष कानीकपाळी ओरडतेय आणि हा म्हणतो मोजे घाला. याला पदवी कुणी दिली? हातात नाडी द्यायच्या लायकीचा नाही हा. याला म्हणावं, मोज्यांचं दुकान काढ."

विद्यार्थी हसले. ओळीत शेवटी उभ्या असलेल्या एका मुलीला कागदाच्या तळाशी आणखी मजकूर दिसत होता. तिनं भीत भीत सांगितलं की सर, खाली अजून काहीतरी आहे. सर म्हणाले, मुद्दा कळला, आणि कागद टेबलावर टाकला. चिठ्ठी शेवटपर्यंत वाचायची त्यांना सवयच नव्हती. तळाला लिहिलं होतं, 'शिक्षणासाठी तयार केलेल्या सल्लागार यंत्राकडून. वरील डॉक्टर रुग्णाचे पती आहेत.'

"पाठवा," सर म्हणाले.

बाई आत आल्या. स्वेटर, हातात पिशवी, डोळ्यांवर अजून झोप. सरांनी मान वर केली आणि पाचएक सेकंद त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. हा त्या खोलीतला विक्रम होता.

"तू इथे काय करतेस?"

"तेवीस नंबर माझा आहे," बाई म्हणाल्या आणि पेशंटच्या स्टुलावर बसल्या.

आठही विद्यार्थ्यांना एकदम आपापले जोडे बघावेसे वाटले. सरांनी त्यांना बाहेर जायची खूण केली, पण बाई म्हणाल्या, "राहू देत ना. शिकायला आलीत मुलं." मग सरांपुढे काही इलाज राहिला नाही. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, काय होतंय.

बाई सांगू लागल्या. तिसऱ्या वाक्याला सरांचं तोंड उघडलं. भिंतीजवळून सिस्टर खोकली. सरांचं तोंड मिटलं. मग बाई सुटल्याच. पायऱ्या, कठडा, अकरा चुका, दुपारची झोप. नणंदेच्या फोनपाशी त्या आल्या तेव्हा "दादा, वहिनीला दे" हे त्यांनी नणंदेच्याच सुरात म्हटलं, आणि आपल्या जाड्या आवाजात "अगं मीच वहिनी" म्हटलं. दोन विद्यार्थ्यांनी तोंडावर हात ठेवला. सरांना आठवलं की हे आपण आधी ऐकलंय. त्या वेळी आपण किती हसलो होतो तेही आठवलं. या वेळी त्यांना तो आवाज ऐकू आला. घोगरा, ओढलेला, हळू. हा आवाज रोज सकाळी त्यांना "अहो, डबा" म्हणत होता.

बाई साडेचार मिनिटं बोलल्या. शेवटी उभ्या असलेल्या मुलीनं घड्याळ लावलं होतं.

सर उठले. त्यांनी बाईंची नाडी धरली आणि पूर्ण मिनिटभर मोजली. चोपन्न. पापण्या पाहिल्या, सुजल्यासारख्या होत्या. हाताची त्वचा पाहिली. मागे उभं राहून मान चाचपली, पाणी गिळायला लावलं. मग बाईंना खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं मागे मोकळी सोडून उभं राहायला सांगितलं. बाई म्हणाल्या की शाळेत ही शिक्षा असायची. सरांनी छोटी हातोडी घेतली आणि टाचेच्या वरच्या शिरेवर हलकेच मारली.

पाऊल झटक्यात हललं. आणि मग, निघतो निघतो म्हणून दारात गप्पा मारत थांबलेल्या पाहुण्यासारखं, अगदी सावकाश जागेवर परत आलं.

आठही माना पुढे झाल्या. असलं चित्र पुस्तकात असतं, पण एवढं स्वच्छ कुणी पाहिलं नव्हतं. सरांनी पुन्हा मारून दाखवलं. पाऊल पुन्हा तसंच आलं, वाटेत विसावा घेत.

"निदान?" सरांनी विचारलं.

शेवटची मुलगी म्हणाली, "थायरॉईड कमी पडतंय, सर. रक्त तपासलं की कळेल."

"अवघड केस आहे?"

मुलीनं आधी बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही सर. आपण ही आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवली होती."

सरांनी बाईंना हात देऊन खुर्चीवरून उतरवलं. त्यांना बसवलं. मग चिठ्ठी उचलली आणि या वेळी तळापर्यंत वाचली, आधी मनात, नंतर मोठ्यानं. 'वरील डॉक्टर रुग्णाचे पती आहेत' हे वाक्य वाचताना त्यांनी आवाज मुळीच खाली आणला नाही. वाचून झाल्यावर ते विद्यार्थ्यांकडे वळले.

"मघाशी मी या डॉक्टरबद्दल जे बोललो," ते म्हणाले, "त्यातला एकही शब्द मागे घेत नाही."

कुणी हसलं नाही. फक्त बाई हसल्या, आणि म्हणाल्या की मोज्यांचं दुकान बाहेरपर्यंत ऐकू आलं होतं.

रक्त तपासलं, निदान पक्कं झालं, आणि रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची एक पांढरी गोळी सुरू झाली. पहिले काही दिवस सर ती गोळी आणि पाण्याचा पेला स्वतः घेऊन उभे राहत. बाईंनी सांगितलं की मला गोळी घेता येते, तरी उभे राहत. दोनेक आठवड्यांनी स्वेटर खुंटीवर गेला. हळूहळू पायऱ्या एका दमात चढता येऊ लागल्या. नणंदेनं फोन केला आणि पहिल्याच 'हॅलो'ला 'वहिनी' म्हणाली. घरात एक नवी अडचण मात्र झाली. दीड वर्ष बाई सरांच्या बोलण्याला उत्तर द्यायला वेळ लावत, तेवढ्यात सर पुढच्या विषयावर गेलेले असत. आता सरांचं वाक्य संपायच्या आत उत्तर येई, आणि तेही बिनतोड. सरांना कळेना की ही गोळी कुठल्या ग्रंथीवर काम करते.

इंजिनियर मुलगी पडदा न्यायला आली. बाईंनी दुरुस्त्यांची यादी तिच्या हाती दिली, सदतीस लहान चुका, बहुतेक उच्चारांच्या. तिनं सरांना विचारलं की यंत्रात आपल्याला काही बदल हवाय का, कारण काही लोकांचं म्हणणं आहे की ते फार वेळ ऐकत बसतं. सर म्हणाले, आहे तसं राहू दे. मग म्हणाले की मुलांना आधी त्याच्याकडे पाठव, मग माझ्याकडे. आणि माझ्याकडे येताना कुणीतरी घड्याळ लावत जा म्हणावं.

निवृत्तीनंतर सरांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं. थायरॉईडच्या प्रकरणात त्यांनी एक उदाहरण घातलं. एकसष्ट वर्षांची स्त्री, व्यवसाय मुद्रितशोधन, अशी अशी लक्षणं. पुस्तक छपाईला गेलं आणि मुद्रितं तपासायला कुणाकडे आली हे सांगायला नको. बाई खिडकीजवळ बसून एकेक पान करत होत्या. सर समोरच्या खुर्चीत बसून, वाचत असल्यासारखं दाखवत, त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होते.

त्या पानावर पेन्सिल थांबली. सरांनी लिहिलं होतं, 'निदान होण्यास दीड वर्षाचा विलंब झाला.' बाईंनी 'झाला' या शब्दाखाली रेघ मारली, समासात काहीतरी लिहिलं आणि पान सरांपुढे सरकवलं.

समासात लिहिलं होतं, 'कुणामुळे? वाक्य अपुरं आहे.'

सरांनी पान हातात घेतलं. मग बाईंचीच लाल पेन्सिल मागून घेतली आणि 'दीड'च्या आधी एक शब्द घातला. लेखकामुळे.

बाईंनी भिंग लावून तो शब्द तपासला. र्‍हस्व-दीर्घ बरोबर होतं. त्यांनी पान उलटं करून गठ्ठ्याखाली ठेवलं आणि पुढचं घेतलं.